कौलाआधीचं तिकीट

फुकट मिळालेल्या गोष्टीचा मला आनंद होतो आणि पाठोपाठ लाजही वाटते. संपात वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हा आईनं आम्हां भावंडांना घेऊन मालवणकडचं तिचं माहेर गाठलं. वर्षभर आम्ही त्याच गावात दिलेल्या मावशीच्या घरचं जेवलो. मावशीनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण घास घेताना कुणाचं तरी आपण खातोय, ही भावना माझ्यात बसली ती बसलीच.

अशा माणसाला पुढे क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा नाद लागावा, याचं माझ्या बायकोला नवल वाटतं. खरेदी कार्डावर केली की पॉइंट जमतात, पॉइंटांचे विमान कंपनीचे मैल करून घेता येतात आणि पुरेसे मैल झाले की तिकीट मिळतं. वरचा कर तेवढा आपण भरायचा. हे कळल्यावर मी वाण्याकडेही कार्ड चालतं का विचारू लागलो. कुठल्या हॉटेलात दोन रात्री राहिलं की तिसरी फुकट, कुठल्या महिन्यात कुठलं कार्ड दुप्पट पॉइंट देतं, हे मला तोंडपाठ झालं. इतक्या मनापासून मी दहावीचाही अभ्यास केला नव्हता.

पण माझ्या घरखर्चात पॉइंट जमणार किती? म्हणून लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचा मिक्सर, कुणाचा टीव्ही घ्यायचा निघाला की मी चप्पल घालून तयार. कार्ड माझं, पैसे ते मला रोख देणार. दुकान होतं मॉलमध्ये आणि मॉल उभा होता वडिलांच्या गिरणीच्या जागेवर. ज्या फाटकापाशी ते संपात उन्हातान्हात उभे राहिले, तिथे आता सरकता जिना होता. कार्ड घासलं की मला आधी पॉइंट दिसायचे, मग वडील. तरी मी घासायचो.

हे सगळं चाललं होतं आईसाठी. तिच्या पाठीचा मणका सरकला होता. रात्रभराची एसटी किंवा गाडी तिला झेपण्यासारखी नव्हती. माहेरच्या देवीच्या जत्रेला लेकीबाळींनी जाऊन ओटी भरायची असते, ते तिचं काही वर्षं राहून गेलं होतं. मावशीचा दरवर्षी फोन यायचा. आई म्हणायची, "बघूया," आणि फोन ठेवून उगीच भांडी घासायला घ्यायची.

गोव्यापर्यंत विमान, तिथे हॉटेलात एक रात्र पाठ टेकायची आणि सकाळी गाडीनं गाव, असा बेत मी मनाशी केला. अडचण एकच होती. आमच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. मानकरी देवळात जमून देवीला कौल लावतात, ती सांगेल तो दिवस. आणि तो कळतो जेमतेम तीन-चार आठवडे आधी. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा मात्र विमानात मोजक्या असतात, त्या कितीतरी महिने आधीच उडतात. मागच्या वर्षांच्या जत्रा कधी झाल्या ते मावशीला विचारून मी अंदाज बांधला आणि दोन तिकिटं काढून टाकली. हॉटेलची खोलीही पॉइंटांवरच मिळाली.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं. ती विळीवर कोबी चिरत होती. हात थांबला.

"देवीचो कौल जावक नाय आणि तू तिकिटा काढलंस?"

"अगं, नंतर जागा मिळत नाहीत."

"मेल्या, देवी काय तुझ्या विमान कंपनीत कामाक आसा? तुझी घाई बघून ती तारीख देतली?"

बायको ओट्याकडे तोंड करून हसत होती. मला हसू आलं नाही. आईनं देवापुढे जाऊन माझ्या वतीनं नाक घासलं आणि माझी झोप उडाली. मी कसला मोठा, देवीच्या आधी बोलणारा?

कौल झाला. मावशीचा फोन आला. आमचं परतीचं विमान ज्या दिवशी होतं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जत्रा!

आई हसत सुटली. "दाखवल्यान की नाय तुका?"

पण थोड्या वेळानं ती उगीच भांडी घासायला बसली, आणि ते मला सोसेना. हॉटेलनं खोलीची तारीख बदलून दिली. विमान कंपनीनं तिकिटं रद्द करून पॉइंट परत दिले, पण दंड कापून. नव्या तारखेच्या जागांना पॉइंट जास्त लागत होते. विकतचं तिकीट मी कसंही काढलं असतं, पण आईनं साफ सांगितलं, "पैसे मोडून माका इमान नको. तसा जमला तर येतंय." पॉइंट कमी पडत होते आणि त्या तारखेच्या शेवटच्या काही जागाच उरल्या होत्या.

गॅलरीत तोंड पाडून उभा होतो. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"भावजी, तोंड का असं? बायकोनं मारलं काय?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता जे इतके दिवस घशात अडकलं होतं, तेही बाहेर पडलं. "वहिनी, तुमचा टीव्ही घेतला ना, त्याचे पॉइंट मला मिळाले. मी बोललो नव्हतो."

"अहो, आम्हांला काय येडे समजता? ती कार्ड विकणारी बाई आमच्या पण दारात तासभर बसलेली. तुम्ही उन्हातून येऊन टीव्ही जिना चढवता, मग घ्या की पॉइंट! बरं, किती कमी पडतात? पोरीचा फ्रीज घ्यायचाच आहे. चला, आत्ता घेऊ."

"लग्न दोन महिन्यांवर आहे. ठेवणार कुठे?"

"गॅलरीत! फ्रीज काय थंडीनं आजारी पडतो?"

फ्रीज आला. वहिनींनी मजल्यावर बातमी फिरवली, त्यामुळे मागोमाग कुणाची शेगडी आली, कुणाचा पंखा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फ्रीज गॅलरीत उभा राहिला आणि सगळा मजला त्याच्या बाजूनं आडवा होऊन जाऊ लागला. कार्डाचं बिल तयार झाल्याशिवाय पॉइंट खात्यात पडत नाहीत, म्हणून बिलाची वाट बघण्याच्या त्या आठवड्यात येता-जाता प्रत्येक जण विचारायचा, "पडले काय रे?" सासूबाई आजारी असल्यासारखी चौकशी. पडले त्या सकाळी मी तिकिटं काढली आणि गॅलरीत येऊन नुसता अंगठा वर केला. वहिनींनी फ्रीजवरच थाप मारली.

निघताना आईच्या पिशवीत मजल्यावरच्या बायकांनी देवीसाठी दिलेले खण होते आणि मावशीसाठी मिरची गल्लीतला मसाला. विमानात तिनं खिडकीला नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. हॉटेलात सकाळी उठून बघतो तर तिनं बिछाना आवरून चादरीची घडी घातलेली. साफसफाई करणाऱ्या मुलीला खुर्चीवर बसवून ती चिवडा देत होती. मी ओशाळून म्हटलं, "आई, ते त्यांचं काम आहे." मुलगीच म्हणाली, "राहू द्या हो काका, चिवडा मस्त आहे."

जत्रेत रांग लांब होती. आई कमरेला पट्टा बांधून चालत राहिली. आधी तिनं स्वतःची ओटी भरली, मग एकेक खण पुढे करून एकेका शेजारणीचं नाव घेतलं. मागचे लोक चुळबुळत होते. तिनं एकही नाव गाळलं नाही.

बाहेर मांडवात मावशी वाट बघत होती. दोघी एकमेकींचे हात धरून खाली बसल्या आणि जत्रेतला गुळाचा खाजा खात बोलू लागल्या. फ्रीजची गोष्ट ऐकून मावशी डोळे पुसत हसली. ऊन कलायला आलं, गाडीवाला दोनदा येऊन गेला. इतका वेळ मांडी घालून बसलेली आई मी काही वर्षांत पाहिली नव्हती. न राहवून विचारलं, "आई, पाठ दुखत नाही ना?"

"पाठ? खंयची पाठ?" ती म्हणाली आणि मावशीकडे वळली. "हां, तर मी काय सांगी होतंय..."