सूनबाईचा गार्डियन

चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. इकडे तमिळ मुलखात, पेरंबूरला रेल्वेच्या कारखान्यात मी नवीन लागलो होतो. तिथल्या दवाखान्यात सिस्टर काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळत ठेवायच्या. पाण्याला उकळी फुटली की त्या सिरिंजा भांड्यावर आपटायच्या. खडखड, खडखड. तो आवाज आला की मी रांगेतून पळून जायचो. दोनदा पळालो. तिसऱ्यांदा सिस्टरनं नावानिशी हाक मारली, तेव्हा कुठं उभा राहिलो.

आणि आता माझ्याच घरात नर्सिंगचं शिक्षण चालू आहे! शिकते माझी सून कविता. वय एकतीस, पदरात दोन मुली. ईश्वरी आठ वर्षांची, चिंगी चारची. मी स्वतः चौथी शिकलेला, बोलणंही कमी. पण संध्याकाळी पार्कातल्या बाकावर दोस्तमंडळी जमली की विचारतात, "काय, आज सूनबाईंच्या शाळेत काय झालं?" आणि मग मलाही बोलावं लागतं. भरलेलं कपाट उघडल्यावर कपडे अंगावर पडतात ना, तसे हे किस्से पडतात. एक ओढला की चार येतात.

*

सुरुवात माझ्या बायकोच्या आजारपणात झाली. सहा महिने कवितानं तिचं सगळं केलं. उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं. शेवटी वॉर्डातली सिस्टर तिला म्हणाली, "हा हात वाया घालवू नकोस." बायको गेली. ते वाक्य मात्र कवितानं धरून ठेवलं.

ॲडमिशनच्या दिवशी मुलगा प्रकाश गुम्मिडिपूंडीला, कंपनीत शिफ्टवर होता. मग मी, कविता आणि दोन्ही मुली गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एल.के.जी.ची ॲडमिशन पलीकडच्या बिल्डिंगमध्ये."

"सार, ॲडमिशन माझी आहे," कविता म्हणाली.

"आणि या मुली?"

"माझ्या."

"आणि हे?"

कवितानं फॉर्मकडे पाहिलं. तिथं पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. "हे माझे गार्डियन."

क्लार्कनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चौघांपैकी शिकणार कोण, हे घरून ठरवून आलात ना? मग करा सही!"

मी सही केली. सहीच्या वर एक अट छापलेली होती, ती कवितानं मला वाचून दाखवली. वॉर्डातल्या कामाचे तास पूर्ण भरले नाहीत, तर त्या वर्षीच्या परीक्षेला बसता येणार नाही. घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, "आबा, माझं वय बघता एक वर्ष गेलं तर सगळंच गेलं. परत हिंमत व्हायची नाही."

"नाही जायचं वर्ष," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

*

आमच्याकडे सून सासऱ्याला हात लावत नाही. पाया पडते तेवढंच. कविता लग्न होऊन आली तेव्हापासून माझा चहा स्टुलावर ठेवायची. मी तो स्टुलावरून उचलायचो. दहा वर्षं असंच चाललं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच महिन्यात तिला नाडी मोजण्याची प्रॅक्टिस करायला सांगितली. प्रकाश ड्यूटीवर. मुलींचा हात धरला की त्या खिदळायच्या, आकडा चुकायचा. शेवटी ती दाराच्या पडद्याशी येऊन उभी राहिली.

"आबा... हात लागेल."

"लाव."

तिनं माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली. मला कुठं बघावं कळेना. मी समोरच्या भिंतीकडे ताठ बघत बसलो. थोड्या वेळानं तिनं दचकून वर पाहिलं.

"आबा, श्वास घ्या! नाडी मोजतेय, फोटो नाही काढत!"

दुसऱ्या दिवसापासून चहा हातात यायला लागला. आणि एक सांगतो, हातात दिलेला चहा जास्त गरम लागतो.

*

एका शनिवारी दोन्हीकडे पालकसभा आली. सकाळी ईश्वरीच्या शाळेत आणि दुपारी कविताच्या. प्रकाशला सुट्टी नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून दोन्हीकडे मीच गेलो.

ईश्वरीच्या टीचर म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण वर्गात फार बोलते. घरी समजवा."

कविताच्या ट्यूटर सेल्वी मॅडम. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, छातीवर घड्याळ टाचलेलं. त्यांना हसताना कुणी पाहिलं नाही असं वर्गातल्या मुली म्हणतात. त्या मला इकडच्या आदराच्या हाकेनं म्हणाल्या, "अय्या, तुमची मुलगी हुशार आहे, पण दुपारच्या तासाला डुलक्या काढते. घरी वेळेवर झोपते का? टीव्ही बघू देऊ नका."

मी म्हणालो, "नाही बघू देणार."

घरी येऊन दोघींना समोर बसवलं. ईश्वरीला सांगितलं, कमी बोल. कविताला सांगितलं, टीव्ही बघू नको.

कविता मला म्हणाली, "आबा, आपला टीव्ही दिवाळीपासून बंद पडलाय."

*

हा चिंगीचा. तेव्हा कविताचा सगळा वर्ग शरीररचना शिकायला एका मेडिकल कॉलेजात प्रेत बघायला गेला होता. इकडे चिंगीच्या वर्गात मिसनं सहज विचारलं, "आज अम्मा नाही आली सोडायला?"

"अम्मा मेलेल्या माणसाला बघायला गेली."

मिस घाबरल्या. "कोण गेलं गं? ताता?" ताता म्हणजे आजोबा, म्हणजे मीच.

चिंगीच्या तोंडात इडली होती. तिनं मान हलवली. ती मान कुठल्या प्रश्नाला हलवली, ते तिलाच ठाऊक!

अकरा वाजता दाराची बेल वाजली. दार उघडलं तर दोन मिस, चिंगी, आणि एकीच्या हातात हा एवढा मोगऱ्याचा हार. इथं कुणाच्या घरी माणूस गेला की हार घेऊन जातात.

मिस माझ्याकडे बघतायत, मी हाराकडे बघतोय.

शेवटी चिंगी वैतागून म्हणाली, "ताता, घ्या की! किती वेळ उभं राहायचं?"

मी घेतला. चहा केला, दोघींना दिला. हार बायकोच्या फोटोला घातला. आठवडाभर घरात वास होता.

*

कविता सकाळच्या बसमध्ये डोळे मिटून पाठांतर करते. बोटांची पेरं मोजत हाडांची नावं पुटपुटते. एकदा शेजारच्या म्हातारीनं बराच वेळ ते पाहिलं आणि हळूच हात जोडले. "आई, फार मोठा जप दिसतो तुझा. माझ्या गुडघ्यासाठी पण दोन शब्द म्हण गं."

कविता म्हणाली, "आजी, गुडघ्याचंच चाललंय!"

*

वॉर्डात जाताना नखं कापलेली, हात स्वच्छ, बांगड्या नाहीत, मेंदी नाही. सेल्वी मॅडम रोज एकेकीचे हात उलटसुलट करून बघतात.

एका रविवारी दुपारी कविता भांडी घासून जरा आडवी झाली, ती गाढ झोपली. ईश्वरीला मेंदी शिकण्याचं वेड होतं आणि समोर दोन मोकळे तळवे होते. कविताला जाग आली तेव्हा एका हातावर मोर होता आणि दुसऱ्यावर मोराचं पिल्लू!

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "उद्या माफीचं पत्र. गार्डियनच्या सहीनं." आणि आठवडाभर तिला चादरी मोजायच्या खोलीत बसवलं.

मला इंग्रजी येत नाही. कविता लिहायला बसली तर ईश्वरीनं पेन ओढून घेतलं. "चूक माझी आहे, मी लिहिते." लिहून झाल्यावर तिनं मला मराठीत अर्थ सांगितला. "मॅडम, माझी आई झोपली होती. मेंदी मी काढली. तिला माहीत नव्हतं. ती पुन्हा अशी झोपणार नाही."

त्याखाली मी सही केली.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं म्हणे. मग एवढंच विचारलं, "लिहिणारी केवढी आहे?"

*

आता परवाच्या मंगळवारचं सांगतो.

परीक्षेला दोन महिने असताना चिंगीला कांजिण्या आल्या. चार दिवसांनी ईश्वरीला. आणि पुढच्या आठवड्यात मला! लहानपणी मला आल्या नव्हत्या, त्या सदुसष्टाव्या वर्षी आल्या. शेजारणींनी दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. इकडे याला देवी घरात आली म्हणतात आणि मग कुणी उंबरा ओलांडत नाही. प्रकाशला आम्हीच गुम्मिडिपूंडीला मित्राच्या खोलीवर राहायला पाठवलं. कविताच्या शाळेनं सांगितलं, घरात कांजिण्या असेपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, पेशंटना लागण होईल. बरोबरच होतं ते. पण त्यात महिना गेला.

कवितानं एकटीनं तिघांचं केलं. आम्ही तिघं बरे झालो. ती परत गेली, तेव्हा मॅडमनी रजिस्टर पुढं ठेवलं. राहिलेल्या दिवसांत जादा ड्यूट्या करूनही वॉर्डाचे तास कमी पडत होते. हॉल तिकिटासाठी बाकी सगळ्यांच्या फायली पुढं जाणार, हिची नाही.

घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, मुलींच्या वेण्या घातल्या, आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती गेल्यावर मी कपाटावरून तीन कागद काढले. जुन्या कॅलेंडरची मोठी पानं. घरात तिघं आजारी पडल्यावर तिनं त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा आखून, दवाखान्यात ठेवतात तसे तक्ते केले होते. हेही वॉर्डाचंच काम की, असं मनाशी म्हणत मी ते गुंडाळून काखेत धरले आणि बस पकडली. कुणाला सांगितलं नाही.

सेल्वी मॅडमच्या टेबलावर एका बाजूला हॉल तिकिटासाठी पुढं जाणाऱ्या फायलींचा मोठा गठ्ठा होता. दुसऱ्या बाजूला एकच फाइल. त्यावरचा फोटो मी लांबूनच ओळखला.

"बोला, अय्या."

चाळीस वर्षांत मी तमिळ शिकलो ती कारखान्याची. पाना दे, नट आवळ. विनवणीची तमिळ मला येत नाही. मी कागद टेबलावर उलगडले.

मॅडमनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला, बेड नंबर एक. दुसरा वाचला, बेड नंबर दोन. ताप निळ्या शाईनं, नाडी लाल शाईनं, चार-चार तासांनी. किती पाणी प्यायलं, किती फोड सुकले, सगळं. मग तिसरा घेतला आणि हळू आवाजात वाचला. "बेड नंबर तीन. पुरुष. वय सदुसष्ट. तक्रार... काहीच सांगत नाही."

त्यांनी वर पाहिलं. "हे कोण?"

"मी."

त्या पुन्हा कागदात शिरल्या. बोट एका चौकोनावर थांबलं. "इथं शुक्रवारी दुपारी दोनचा ताप लिहिलेला नाही."

"ती बसल्या जागी झोपली होती, मॅडम. थर्मामीटर हातातच होता. मी काढून बाजूला ठेवला."

"उठवलं का नाही?"

"चार दिवस तिनं पाठ टेकली नव्हती."

"वेळ झाली की पेशंटनं नर्सला उठवायचं, अय्या. हा रिकामा चौकोन मी परीक्षकांना काय म्हणून दाखवू?"

मी म्हणालो, "पुढच्या वेळी उठवीन."

मॅडमनी लाल पेन उघडलं. त्या रिकाम्या चौकोनाभोवती गोल केला, आत काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली. मग तिन्ही कागदांच्या घड्या घातल्या, पंचिंग मशीन ओढलं आणि जोर देऊन भोकं पाडली. ती एकटी फाइल उघडली, कागद आत ओवले, नाडी बांधली. क्षणभर फाइल हातात धरून बसल्या. मग ती मोठ्या गठ्ठ्यावर ठेवली आणि गठ्ठा हातानं सारखा केला.

तासाची घंटा झाली. त्यांनी रजिस्टर उचललं, माझ्याकडे न बघता दाराबाहेर पडल्या आणि वर्गाकडे चालत गेल्या.