मेघालीची पावणेतीनची बस

खोटं कशाला सांगू, मेघालीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. समुद्रकाठच्या दांडी गावची पोर. बापाची होडी, आई बोंबील वाळवून विकणारी. बोईसरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायला आली तेव्हा मला तिथे अकरा वर्षं झाली होती. प्रोजेक्टर कसा लावायचा ते मीच तिला दाखवलं. आणि दोन वर्षांत पोरं तिच्या बॅचला जागा मागायला लागली, माझ्या वर्गातले पंखे रिकाम्या बाकांवर फिरायला लागले.

कशामुळे? तर खोट्या माहितीमुळे! वेबसाइट शिकवताना पोरांना सर्व्हरकडून माहिती मागवायची कशी ते शिकवावं लागतं. खऱ्या सेवा सतरा परवानग्या मागतात, ऐन तासाला बंद पडतात. म्हणून मास्तर आपल्याच लॅपटॉपवर एक नकली सेवा उभी करतो आणि तिच्यात बनावट माहिती भरतो. भातुकलीच ती. भात खोटा, पण रांधायची रीत खरी. माझ्या भातुकलीत 'विद्यार्थी एक', 'विद्यार्थी दोन' आणि 'शहर अबक' असायचं. पोरं जांभया द्यायची.

या बाईने काय केलं, तर बसचं अख्खं वेळापत्रक रचलं. पालघर–माकुणसार, बोईसर–दांडी, कुठल्याही खऱ्या बसची नाही अशी वेळ, आणि 'जागा' नावाचा एक रकाना. त्यात 'खिडकीशी', 'दारात उभं राहून', 'म्हावऱ्याच्या टोपलीशेजारी'. एका पोराने पान बनवून बसची माहिती मागवली, त्याला टोपलीशेजारची जागा मिळाली आणि वर्ग असा हसला की भिंतीपलीकडे माझा तास बुडाला. दोन वेळा मी दार आपटलं, कुणाचं लक्ष नाही.

तेही पचवलं असतं. पण आमचे मालक नामदेव सर कोळगावला, जिल्हा मुख्यालयाजवळ, नवी शाखा काढत होते. तिचा प्रमुख आमच्या दोघांतलाच एक होणार होता. "दिग्विजय, तुझा अनुभव मोठा, पण पोरं तिच्याकडे धावतात रे," असं ते मला तोंडावर म्हणाले. तेरा वर्षं घासली मी, आणि ही काल आलेली! मग डोकं फिरलं माझं.

मेघाली प्रत्येक पानावर 'सरावासाठी, माहिती खोटी' अशी ओळ टाकायची. मी बोईसर–दांडी पानाचा फोटो काढला, ती ओळ कापली आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. 'नवीन बस सुरू, रोज दुपारी २.४५.' पानाखाली क्लासचं नाव, नंबर होताच; लोक चिडतील, क्लासला फोन येतील, बाई गोत्यात येईल, एवढाच माझा हिशोब. आमच्याकडे आलेला मेसेज वाचायच्या आधी पुढे ढकलतात. तासाभरात तो अर्ध्या बोईसरभर फिरला.

दिवस मे महिन्याचे. पावसाळ्याची बेगमी करायला बायका सुक्या मासळीसाठी दांडीला जातात. दुसऱ्या दिवशी स्टॉपवर पंधरा-वीस बायका उन्हात ताटकळल्या. क्लासात फोन खणखणायला लागले, नामदेव सर लालबुंद झाले आणि मी वर्गात मनातल्या मनात लाडू खात होतो. माझा स्वतःचा फोन खिशात मुका करून ठेवला होता.

संध्याकाळी घरी आलो तर दाराशी मेघालीची स्कूटर. आत माझी आई, गोजराबाई, पलंगावर आडवी, कपाळावर ओला रुमाल. आणि मेघाली तिला लिंबूसरबत पाजतेय.

"अरं, दोन तास हुबी होते उन्हात, घेरीच आली," आई म्हणाली. "तुला सहा फोन केले, उचलतोस कुठं! ही पोरगी गाडीवरनं घराकडं चालली होती, थांबली. सगळ्यांम्होरं म्हणाली, ती बस नाय, मीच बनवलीय, घरी जावा. बायांनी शिव्या घातल्या तिला. ऐकून घेतल्या बिचारीने. मी म्हणलं, खोटी कशी आसंल? माझ्या दिग्याने पाठवलीय, कॉम्प्युटरचा मास्तर हाय त्यो. मोबाईलच दाखवला की तिला!"

मेघालीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "मावशी, आता पडून रावा," म्हणाली, ओढणी सारखी केली आणि निघून गेली.

आज आपली नोकरी गेली, असं समजून मी सकाळी क्लासला गेलो. नामदेव सरांनी दोघांना समोर उभं केलं आणि तो फोटो कुणी पसरवला ते विचारलं. "ते नाय माहीत, सर," मेघाली म्हणाली. "पण चूक माजीच हाय. खोटं हाय ते पानावर एकदाच लिवलं, दर ओळीत लिवायला पायजे होतं." तिथल्या तिथे सरांनी कोळगावची शाखा मला दिली आणि मी हात पुढे करून ती घेतली. होय, घेतली!

पेढे घेऊन घरी आलो. पेढा हातात धरून आई म्हणाली, "ती पोरगी काल काय म्हणली, सांगू? म्हणली, मावशी, दिग्विजय सरांनी नीटच पाठवलं होतं, खोटी बस हाय असं वर लिहून. तुमच्या मोबाईलचा पडदा लहान, म्हणून वरची ओळ दिसली नाय. त्यांच्यावर रागावू नका."

आईने तो पेढा माझ्याच तोंडात घातला. मेघालीच्या त्या सांगण्यावर तिचा पुरता विश्वास बसला होता. इतकं चोख खोटं मला उभ्या जन्मात रचता आलं नसतं, आणि या गोष्टीवरूनही मी मेघालीवर जळतो.