गाळातले खांब

रासिवानच्या लहानपणी त्याच्या घराखालून होड्या जात. आता कोंबड्या जातात. घर तेच, उंच लाकडी खांबांवरचं. सेगारा अनाकानची खाडीच तेवढी गाळाने भरत चालली आहे. जमीन आणि पाणी यांच्या भांडणात रासिवान कायम पाण्याच्या बाजूने. शेती करणाऱ्यांना तो चिखलात रुतलेली माणसं म्हणायचा.

त्या वर्षी पाऊस असा कोसळला, की सितांदुई नदीने डोंगरातली शेतंच्या शेतं उचलून खाडीत ओतली. पाणी दुधाच्या चहासारखं दिसू लागलं आणि चवीलाही गोडं झालं. कोळंबी समुद्राकडे पळाली. ज्या माशांना पळता आलं नाही, ते उलटे होऊन तरंगत होते. पाणी निवळलं तेव्हा रासिवानच्या जाळ्याचे दोन्ही खांब कोरड्या गाळात उभे होते.

गावचा रिवाज असा, की खाडीतून नवी जमीन वर आली की जिच्यात ज्याचे खांब, तिचा तो मालक. रासिवान झोपेतून उठला तो जमीनदार होऊनच. लोक भेटायला आले. कौतुक कुठलं आणि चेष्टा कुठली, हे त्याला कळेना. शेजारच्या मिस्वारचं शेत लागूनच होतं. त्याने मोठ्या आस्थेने विचारलं, भात कधी लावणार.

गाव ज्या बेटावर, त्याच्या टोकाला खारं, खोल पाणी अजून शिल्लक होतं. पण तिथे जाळं बांधायला हेच खांब हवेत. एवढं जाड लाकूड आता कांदळवनात मिळत नाही. आणि खांब काढले, तर जमीन पुढच्या रोवणाऱ्याची.

"कांग, खांब हलवू नका," बायको म्हणाली. नवऱ्याला 'दादा' म्हणण्याची तिकडची रीत. तिचं नाव तुरसिना.

"गाळात मासे येतात का?"

"भात येतो."

"मला भात लावता येत नाही."

"जाळं विणायला काय आईच्या पोटातून शिकून आला होतात?"

सकाळी रासिवान खांब उपटायला गेला. मिस्वार स्वतःचा दोर घेऊन मदतीला धावला, आणि येताना दोन लांब बांबूही घेऊन आला. इतका प्रेमळ शेजारी रासिवानला आयुष्यात भेटला नव्हता. दोघांनी घाम गाळून खांब काढले, ओढत पाण्यापर्यंत नेले, होडीत चढवले.

मिस्वार बांबू घ्यायला वळला, तर तुरसिना खांबांच्या ओल्या खड्ड्यांत होडीची दोन्ही वल्ही रोवून मधोमध उभी.

"वल्ही आण," रासिवान होडीतून म्हणाला.

"भात कापला की देईन."

मिस्वारने काठावर गंमत पाहत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सरपंचांकडे पाहिलं. ते म्हणाले, रिवाजात खांब किती जाड हवा ते सांगितलेलं नाही.

रासिवानने गोड आवाजात शेजाऱ्याला विचारलं, "मिस्वार, ते बांबू आता तुला लागणार नाहीत ना?"

त्यातल्याच एका बांबूने होडी ढकलत तो टोकाकडे, खाऱ्या पाण्यात निघून गेला.