सोयाबीनच्या आधी ग्रंथ संपवायचा

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला खीर करून समाप्ती. कागदावर हे बरोबर जमतं. अडचण एवढीच, की आश्विन म्हणजे सोयाबीनची काढणी. बाया दिवे लागेपर्यंत शेतात, आणि शेवटची प्रकरणं ऐकायला विहारात उरतात निवृत्त गुरुजी. तेही वाचणारेच, म्हणून. माझ्या आईला वाचता येत नाही. वीस-बावीस वर्षं तिनं तथागतांचं आयुष्य कानांनी ऐकलं, पण शेवट एकदाही नाही. शेवट काय झाला हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, असं तिचं म्हणणं.

दोष एकट्या सोयाबीनचा नव्हता. गुरुजी अर्धं पान वाचायचे आणि अर्धा तास अर्थ सांगायचे. त्या अर्थात नोकरीत असताना त्यांची डोंगरकडा गावी झालेली बदलीही यायची.

त्या वर्षी मी हिंगोलीची अभ्यासिका सोडून घरी आले होते. स्पर्धा परीक्षेत उतारे वाचायचे राहून जात, म्हणून मोबाइलवर बघून मी वाचनाचा वेग वाढवायला घेतला होता. ओळीखाली पेन्सिल फिरवायची. ओठ हलवायचे नाहीत. एका नजरेत तीन-चार शब्द उचलायचे, आणि कळलं नाही तरी मागं फिरायचं नाही. पंचवीस मिनिटांचा गजर लावून मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवायचा. डबा वाजला की आईच्या हातची भाकर तव्याऐवजी चुलीत पडायची. एकाग्रतेसाठी भिंतीवर काळा ठिपका काढून त्याच्याकडं टक लावून बसायचं, हेही होतं. शेजारच्या काकूनं दोन दिवस हे पाहिलं आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला काई तकलीफ हाय का?"

आईनं मात्र या वेडात आपला फायदा हेरला. विहारात सगळ्यांदेखत म्हणाली, "यंदा माझी लेक वाचंल. लई भरभर वाचती. सोयाबीनच्या आधी शेवट झाला पायजे." गुरुजींनी चष्मा पुसत होकार दिला. त्यांना सुटका वाटली असावी. मला ती बढती वाटली.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे ओठांचा नियम मोडावाच लागला. बाकीचे मी इमानेइतबारे पाळले. पेन्सिल पुढं, मी मागं. नवव्या दिवशी ग्रंथ संपला. मी तो मिटला आणि शाबासकीसाठी मान वर केली. बाया एकमेकींकडं बघत होत्या.

"मंग खीर आत्ताच करायची व्हय?" एकीनं विचारलं.

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "चक्कीवानी आवाज येऊन राहिला व्हता, बाई. पीठ काई दिसलं न्हाई."

घरी जाताना मी आईला विचारलं, "शेवट ऐकलास ना?"

"तू वाचला," ती म्हणाली. "म्या ऐकला न्हाई."

मला राग आला. एवढं करून वर हे! लाज वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तिनं इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मी तिच्या कानांवरून पळवत नेलं होतं.

पुन्हा पहिलं पान काढलं. आता बाया मधेच अडवायच्या, "हे पुन्यांदा वाच." मी मुकाट मागं फिरायचे. राजपुत्र घर सोडून निघाला ते पान तीन संध्याकाळी पुरलं, कारण मागं राहिलेल्या बायकोबद्दल प्रत्येकीला काही ना काही बोलायचं होतं. गुरुजी मला आता फारच वेगवान वाचक वाटू लागले. परीक्षेची पुस्तकं तशीच पडून होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची आठवणही येत नव्हती. सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून विहार रिकामा.

मग मीच ग्रंथ फडक्यात बांधून शेतात गेले. बायांनी पुसेगावच्या रस्त्याकडचं सोयाबीन एकरी मजुरी ठरवून कापायला घेतलं होतं. दुपारी त्या भाकरी खात होत्या तेव्हा लिंबाखाली बसून मी वाचायला लागले. कुणी अडवलं नाही. दोन पानं राहिली असताना आभाळ भरून आलं. पावसाआधी कापून ढीग झाकला नाही तर मालाची माती. बाया उठल्या. मी ग्रंथ मिटायला लागले.

"मिटू नको," आई विळा उचलत म्हणाली. "आमी कापत ऐकतो."

त्या ओळीनं पुढं सरकत होत्या आणि मी त्यांच्या मागं, खुंटांवरून चप्पल सांभाळत. विळ्यांच्या खसखसण्यावर आवाज चढवावा लागत होता. त्या जेवढ्या सरकतील तेवढंच मी वाचायचे. दोन झाडांच्या मधे तथागत उजव्या कुशीवर निजले, ते वाक्य आलं. मी थांबले. पुन्हा वाचायला तोंड उघडलं तेव्हा विळ्यांचा आवाज येत नव्हता. आई कंबर सरळ करून हात जोडून उभी होती. विळा पायाशी पडला होता. बाकीच्याही तशाच उभ्या.

बांधावरून मालक ओरडला, "आभाळ आलंय अन् काहून थांबल्या गं समद्या?"

आईनं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. "शेवट ऐकून राहिलो," ती म्हणाली.