मंदाताईची कावीळ

मंदाताईला कावीळ माझ्यामुळे झाली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाय.

पेणला तिचा आणि भाऊंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे फक्त तीच आखायची.

मी धाटावच्या कंपनीत पॅकिंगचं काम सोडलेला, खांब गावात हायवेवर पंक्चर काढलेला, मध्येच उगाच गागोद्याला आठ दिवस राहून आलेला… ते राहू दे.

तिच्याकडे काम मागायला गेलो, तिनं मार्कशीट मागितली नाय.
"हात दाखव. थरथरत नाय ना? बस मग पॉलिश पेपर घेऊन."

चार महिने टिकलो. माझ्यासाठी रेकॉर्ड.

सीझनला कुणी सुट्टी घेत नाय. मला मळमळत होतं, अंग मोडून आलेलं, तरी कामावर.

संडासला जाऊन आलो की हात बादलीत खंगाळायचे. सगळ्यांची एकच बादली. हातावर मूर्तीचा पांढरा रंग, सफेदा असतो ना, हात स्वच्छच वाटतात.
जेवायला बसलं की ताईच्या डब्यात सगळ्यांचे हात.

माझे डोळे पिवळे झालेले तिनंच आधी पाहिले.
"काय रं, डोळ्यात हळद घातलीस? ऊठ, घरी जा आधी!"

घर कुठलं? खांबला मित्राकडे पडलो. त्याच्या आईनं गावातल्या एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली.
काड्यांची इवलीशी माळ. डोक्यावर ठेवायची. रोज थोडी वाढते, गळ्यात येते, मग छातीवर, मग कमरेला. पायांतून निघाली की कावीळ उतरली म्हणायचं.

माझी उतरली.

महिन्याभरानं ताईचे डोळे पिवळे. मी बाइक काढली आणि खांबहून तशीच माळ घेऊन आलो. केवढ्या रुबाबात!

डॉक्टरांनी सगळं नंतर सांगितलं. हिपॅटायटिस ए. एवढासा विषाणू, आत आरएनएचा एक धागा, बस. याला डास लागत नाय. एकाच्या पोटातून बाहेर पडतो, हातातून, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. तिथून थेट लिव्हरमध्ये.

मी विचारलं, "पण मी पिवळा झाल्यावर कामावर गेलोच नाय."
"त्याच्या आधीच सगळ्यात जास्त पसरतो," डॉक्टर म्हणाले.

आणि बहुतेकांची कावीळ आपोआपच जाते. माळ घाला, नका घालू.
काड्या सुकतात, दोरा सैल होतो, माळ वाढते. मान माळेला.

ताईचं लिव्हर आधीपासूनच खराब होतं. कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाय.

भाऊ, तुम्ही हे वाचणार, मला माहीत हाय.

वर्षभर येईल त्याला सांगताय, "हट्टी होती. मी दवाखाना म्हटलं की नकोच म्हणायची."

तसं नव्हतं, भाऊ.

सोमवारी दुपारी तिनं मला फोन केलेला.
"माळ कमरेपर्यंत आली रं. पण पाणीसुद्धा पोटात ठरत नाय. ॲडमिट होऊ का?"

मी म्हटलं, "आता कशाला, ताई? माझी पण अशीच उतरली. दोन दिवस थांब."

"बरं," म्हणाली. "तू निघालायस यातून, तुला ठाऊक."

बुधवारी तिनं तुम्हाला ओळखलं नाय. तेव्हा ॲडमिट केलं. शुक्रवारी गेली.

कावीळ मी दिली ती नकळत. थांब म्हणालो ते मात्र मोठ्या अकलेनं.

उलट्या थांबत नसतील, माणूस गुंगीत बडबडत असेल, तर कुणाचं ऐकू नका. माझ्यासारख्या बरा झालेल्याचं तर अजिबात नाय. थेट हॉस्पिटल.

भाऊ, शिव्या द्यायच्या तर मला द्या. उद्या सकाळी येतोय, दारात उभा राहीन.

पण तिला हट्टी म्हणू नका. तिला दवाखान्यात जायचं होतं.

ताई, एक वर्ष उशिरा बोललो.
तुला मनापासून श्रद्धांजली.