नसीमचं डे सेंटर आणि व्याज न घेणारी बँक

गेल्या गुरुवारी दुपारी लंडनच्या हॅरो भागातल्या एका बँकेत नसीमच्या शेजारी बसले होते. माझं तिथे खातं नाही, कामही नव्हतं... पण ती म्हणाली, "तू नुसती बरोबर ये गं, एकटीने जायचं धाडस होत नाहीये."

नसीम माझी मैत्रीण. मूळची दापोलीची. वीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात वयस्कर पेशंट्सच्या वॉर्डवर नर्स होती. तिथे तिने एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली... डिमेन्शिया झाला की आपल्याकडच्या कितीतरी लोकांचं इंग्लिश आधी जातं. मग ते काय मागतायत ते कोणालाच कळत नाही.

माझ्या सासऱ्यांचं तेच झालं. चाळीस वर्षं या देशात भूल देणारे डॉक्टर म्हणून काम केलेला माणूस, आणि एक दिवस फॅमिली डॉक्टरसमोर गप्प. बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, "ती बाई काय बोलत होती गं?"

अशा लोकांसाठी नसीमला डे सेंटर काढायचं होतं. मराठी, गुजराती, उर्दू बोलणारा स्टाफ, गरम जेवण, दिवसभराची सोबत. एक बंद पडलेलं कार्पेटचं दुकान भाड्याने मिळत होतं. पण रॅम्प, टॉयलेट्स, मिनीबस... एवढे पैसे आणायचे कुठून?

साधं बिझनेस लोन कदाचित मिळालंही असतं. पण नसीमला व्याज चालत नाही. "अब्बांनी जन्मभर पाळलं, मी आता पन्नाशीत मोडू?" म्हणून अडीच-तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा या इस्लामिक बँकेत आली. इथे व्याजाने कर्ज देत नाहीत... बँक तुमच्याबरोबर भागीदारीत जागा किंवा गाडी-सामान विकत घेते आणि तिच्या वाट्याचं भाडं तुम्ही भरता, असं काहीसं.

तारिक नावाचे एक वयस्कर अधिकारी होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. धंदा नवा, मागचा काहीच रेकॉर्ड नाही, आणि पैसे ठेवीदारांचे. व्याज घेत नसली तरी शेवटी बँकच ती... नसीम त्या दिवशी गाडीत बसून खूप रडली.

मग तिने इस्लामिक क्राउडफंडिंगच्या एका वेबसाइटवर अर्ज केला. तिथे कोणीही थोडे थोडे पैसे घालतं, आणि नफा झाला तर वाटून, तोटा झाला तरी वाटून. नसीमने आपल्या पानावर भाबडेपणाने लिहिलं होतं, ‘मूळ रक्कम नक्की परत मिळेल.’ वेबसाइटच्या धर्मशास्त्राच्या जाणकारांनी ते वाक्य काढायला लावलं. भागीदारीत अशी खात्री देता येत नाही म्हणे.

मी चक्रावलेच. पैसे मागायचे आणि वर ते बुडू शकतात हे ठळक अक्षरांत सांगायचं! मी तिला तोंडावर विचारलं, "बुडाले तर?"

"तर तुझ्याबरोबर माझेही बुडतील. माझी सगळी सेव्हिंग्ज त्यात आहेत."

त्याच संध्याकाळी नवऱ्याशी बोलून आम्ही पाचशे पाउंड घातले.

दीड महिन्यात रक्कम जमली. लेस्टर, ब्रॅडफर्ड, ग्लासगो... कुठकुठची माणसं! सेंटर सुरू झालं, पण पहिल्या वर्षी तोटाच झाला. नसीमने पैसे घातलेल्या सगळ्यांना सरळ तसं ईमेलने कळवलं. मला वाटलं, आता लोक तुटून पडणार. तर ब्रॅडफर्डच्या एका बाईंनी उलट विचारलं, "आमच्याकडे कधी काढताय? माझी मावशी एकटी असते."

दुसऱ्या वर्षी थोडा नफा झाला. आम्ही जरा कुठे निवांत होतोय, तोच जागेच्या मालकाने इमारत विकायला काढली. बाहेरच्या कोणी घेतली तर तिथे फ्लॅट्स होणार हे उघड होतं. म्हणून गेल्या गुरुवारी नसीम पुन्हा त्याच बँकेच्या दारात, या वेळी मला घेऊन.

तारिक आले, पण बसले नाहीत. "तुमची फाइल मी बघणार नाहीये," ते म्हणाले. नसीमचा चेहरा पडला. मीही मनात म्हटलं, संपलं सगळं...

"तुमच्या सेंटरमध्ये माझे स्वतःचे पैसे आहेत," ते पुढे म्हणाले. "बँकेला मी तसं लेखी कळवलंय. त्यामुळे फाइल माझी सहकारी बघेल. त्या वेळी बँकेच्या वतीने मला नाही म्हणावंच लागलं. मग महिन्याभराने वेबसाइटवर तुमचं नाव दिसलं... माझी आई शेवटी फक्त पंजाबी बोलायची. केअर होममध्ये तिचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं."

एवढंच बोलून, छातीवर हात ठेवून ते निघून गेले.

त्यांच्या सहकारी बाईंनी दोन वर्षांचे हिशेब, वेटिंग लिस्ट सगळं पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ त्या तोट्याच्या ईमेलवर थांबल्या. "तुम्ही हे लपवलं नाहीत," एवढंच म्हणाल्या.

काल फोन आला. बँक तत्त्वतः तयार आहे! इमारत बँक आणि नसीम मिळून घेणार, आणि बँकेचा हिस्सा नसीम हळूहळू विकत घेत जाणार. सर्व्हे, वकील वगैरे बाकी आहे, त्यामुळे अजून पेढे वाटलेले नाहीत... पण मी एक डबा आणून ठेवलाय.

मला वाटायचं, बँकेने नाही म्हटलं की लोक क्राउडफंडिंगकडे वळतात आणि बँकेचा विषय तिथेच संपतो. पण बँकेला जो रेकॉर्ड हवा होता, तो तयार होईपर्यंतची दोन वर्षं कोणीतरी नसीमवर नुसता विश्वास ठेवायला हवा होता. तो या लोकांनी ठेवला. त्यातला एक तर त्याच बँकेत बसला होता.

त्यातल्या बहुतेकांना मी कधीच भेटणार नाही. तरीही इथे लिहून ठेवते... थँक यू. आमच्या घरातला एक निवृत्त डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस सकाळी बूट घालून, मिनीबस यायच्या तासभर आधीच दारात तयार असतो, तो तुमच्यामुळे.