ओल बघणारे आबा

पंपघरात शिरलं की आबा आधी वाकून जमिनीला उलटा हात लावायचे. नवख्याला वाटायचं, पाया पडतायत. "चप्पल घालून कसले हो पाया पडता?" असं मी चिडवलं, तर म्हणाले, "ओल बघतोय ताई. करंट देवाला बी वळखत न्हाय."

एमआयडीसीच्या रस्त्याला एक स्विमिंग पूल होता. मी तिथे बायकांना पोहायला शिकवायचे, आबा मोटर सांभाळायचे. गाव पणदरे. बायको वारली, मुलगा पुण्याला, शेत वाट्याने दिलेलं. भिंतींशी बोलून कंटाळले आणि या नोकरीवर आले. पण पाण्यात म्हणून कधी उतरले नाहीत. "मी डुंबत बसलो तर मोटर तुमी बघणार व्हय?" असं वर मलाच विचारायचे.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी घोळ घातला. हात शेतातल्या मोटरीला सरावलेला, त्यामुळे खताची रिकामी गोणी आणून स्टार्टरच्या पेटीभोवती सुतळीने गच्च आवळली. बाहेरचा थेंब आत गेला नाही, पण आतल्या आत दमट वाफ धरली आणि स्टार्टर जळाला. मालक नको नको ते बोलले. त्या दिवशी आबांनी डबा उघडला नाही. मग पेटी उंच ओट्यावर घेतली, वर पत्र्याची टोपी केली, खालून हवेला वाट ठेवली. वायरीला पेटीत शिरण्याआधी झोळ दिला, म्हणजे ओघळ तिथेच टपकावा. "लई झाकलं की आतनं घाम फुटतो," म्हणाले. "माणसाचं बी तसंच हाय." एवढं बोलून ते पान्हा शोधायला लागले.

मुलगा सारखा बोलवायचा. "तितं जाऊन काय करू? लिफ्टनं वर जायाचं, लिफ्टनं खाली यायचं. हितं आभाळ आलं की माझी आठवण तरी निघती." कुणाला तरी आपण लागतो, एवढ्यावर तो माणूस उभा होता.

शेवटी पाय घसरून खुबा मोडला आणि मुलाने त्यांना नेलं. मग फोन सुरू झाले. बातम्यांत पाऊस सांगितला की लगेच विचारणा, "पेटी कोरडी हाय न्हवं?" मी बघून सांगायचे. माझ्याही घरी बोलायला कोण होतं? त्या फोनची मला सवय लागली.

पुढे मालकांनी पूल बुजवून लग्नाचं लॉन केलं. मी आबांना खरं ते सांगितलं.

त्यांनी आधी विचारलं, "मोटर?"

"इंदापूरला गेली, कुणाच्या तरी शेततळ्यावर."

"झाकून न्हेली का?"

"हो आबा."

"मग आता फोन कशाला करायचा?"

"माझ्याशी बोलायला करा की."

"व्हय व्हय," म्हणाले.

त्यानंतर पाऊस पुष्कळ झाला. फोन आला तो मुलाचा, आबा गेल्याचा.